वार लावल्यासारखी तीन घरं
रोटरीच्या युवा विनिमय उपक्रमाची वाटचाल

शिकण्यासाठी परक्या घरी राहणं आपल्याकडे नवं नाही. गावातली शाळा संपली की हुशार पोरगं पुण्या-मुंबईची वाट धरायचं. तिथे कुणी माधुकरी मागे, कुणी वार लावून जेवे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. पानात पडेल ते खायचं, घरातल्यांच्या वेळा सांभाळायच्या आणि ज्या माऊलीनं वाढलं तिचं नाव जन्मभर विसरायचं नाही.

त्या परंपरेतलं सातासमुद्रापारचं पहिलं ठळक मराठी नाव आहे आनंदीबाई जोशी यांचं. कर्जत-खोपोलीची लोकल ज्या कल्याणवरून जाते, तिथलाच त्यांचा १८६५ सालचा जन्म. त्यांचे पती गोपाळराव यांचं एक पत्र अमेरिकेतल्या मिशनरी मासिकात छापून आलं. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी ते दातांच्या डॉक्टरकडे नंबर येईपर्यंत सहज चाळताना वाचलं आणि पत्रव्यवहार सुरू केला. १८८३ मध्ये आनंदीबाई बोटीनं न्यूयॉर्कला पोचल्या आणि सुरुवातीला या बाईंच्याच घरी राहिल्या. फिलाडेल्फियातलं वैद्यकीय महाविद्यालय नंतर. मध्ये ना संस्था होती, ना करार. दोन घरांचा एकमेकांवरचा विश्वास, एवढ्यावर सगळं निभावलं.

हा विश्वास एखाद्या बाईच्या भलेपणावर न सोडता त्याची रीतसर व्यवस्था लावणं, हे काम पुढे काही संस्थांनी केलं. रोटरी त्यातली एक. शिकागोत १९०५ साली पॉल हॅरिस या वकिलानं सुरू केलेली ही चळवळ १९१९ मध्ये कलकत्त्यात आली, १९२९ मध्ये मुंबईत. त्याच सुमारास फ्रान्समधल्या नीस शहराच्या क्लबनं युरोपातल्या शाळकरी मुलांची अदलाबदल सुरू केली होती. १९३९ मध्ये कॅलिफोर्निया आणि लॅटिन अमेरिका यांच्यात मुलांची ये-जा सुरू झाली. महायुद्धात युरोपातला उपक्रम बंद पडला, तो १९४६ मध्ये पुन्हा उभा राहिला.

तो काळच तसा होता. एएफएस ही या क्षेत्रातली दुसरी मोठी संस्था. मुळात ती पहिल्या महायुद्धात जखमींना वाहून नेणाऱ्या अमेरिकन स्वयंसेवकांची. दुसऱ्या महायुद्धात तिच्या रुग्णवाहिका भारत-ब्रह्मदेश आघाडीवरही धावल्या. युद्ध संपल्यावर या चालकांनी ठरवलं, की आता जखमींऐवजी मुलांची ने-आण करायची. १९४७ मध्ये दहा देशांतली ५२ मुलं अमेरिकन घरांत राहायला गेली. युद्ध जवळून पाहिलेल्यांना दुसऱ्या देशाच्या स्वयंपाकघरात बसलेलं मूल एवढं मोलाचं का वाटलं असेल, हे वेगळं सांगायला नको. रोटरीच्या संचालक मंडळानं १९७२ मध्ये जगभरच्या क्लबांना या उपक्रमाची शिफारस केली आणि तो शंभरहून अधिक देशांत पोचला.

पद्धत साधी आहे. वय साधारण १५ ते १९. मुक्काम एका शैक्षणिक वर्षाचा. विमानभाडं आणि विमा मुलाच्या घरचा. राहणं-जेवण यजमानांचं, त्याबद्दल त्यांना पैसे मिळत नाहीत. यजमान क्लब शाळेची सोय लावतो आणि महिन्याला थोडा हातखर्च देतो. वर्षात घरं बहुधा तीन, अगदी वार लावल्यासारखी. एका घराच्या सवयींना देश समजण्याची चूक त्यामुळे होत नाही. घरात काही खुपलं तर सांगायला क्लबातली एक व्यक्ती पालक म्हणून नेमलेली असते, आणि ती यजमान घरातली चालत नाही. नियमांत ‘चार डी’ प्रसिद्ध: ड्रिंकिंग, ड्रग्ज, ड्रायव्हिंग, डेटिंग, चारही बंद. शिवाय प्रत्येकाच्या अंगावर एक ब्लेझर. भेटेल त्या देशाच्या मुलाशी पिनांची अदलाबदल करायची आणि त्या कोटाला टोचायच्या. वर्षाअखेरीस तो कोट हातात धरला तरी जड लागतो.

आपला रायगड आणि शेजारचा पुणे जिल्हा मिळून रोटरीचा ३१३१ प्रांत होतो. कर्जत आणि खालापूर हे दोन्ही तालुके त्यातच आले. युरोप-अमेरिकेतल्या शाळा उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर उघडतात, तेव्हा परदेशी पाहुणा आपल्याकडे यायचा तो ऐन पावसात. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या या पट्ट्यात त्याचा पहिला धडा असतो न वाळणाऱ्या कपड्यांचा, दुसरा तांदळाच्या भाकरीचा. यजमानांचा पहिला धडा कागदांचा. परदेशी माणूस मुक्कामाला आला की चोवीस तासांत त्याची माहिती भरायची आणि लांबच्या मुक्कामाची नोंद जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षक कार्यालयात, म्हणजे अलिबागला. आनंदीबाईंच्या वेळी पत्रावर भागलं. आता खातरजमा लागते, आणि परक्याचं मूल घरात घ्यायचं तर ती लागायलाच हवी.

२०२० मध्ये कोरोनानं ही वाट अडवली. मुलं मध्येच परत बोलवावी लागली, पुढच्या वर्षी प्रत्यक्ष अदलाबदल थांबली. साथ ओसरल्यावर ती पुन्हा सुरू झाली.

आपल्या मुलांपुढची अडचण त्याहून जुनी आहे. ज्या वयात जायचं ती अकरावी-बारावी; दाराशी नीट आणि जेईई. ‘वर्ष वाया जाईल’ हे वाक्य पहिल्या पाच मिनिटांत येतंच. या पट्ट्यातली हजारो माणसं पहाटेच्या लोकलनं मुंबई गाठतात आणि रात्री घरी परततात. रोज लांब जाण्याची आपल्याला सवय आहे, मुक्कामाची नाही. पण मूल पाठवण्याआधी घेता येतं. जाणं-येणं दोन्ही बाजूंनी असतं, आणि क्लबाला सगळ्यात अवघड जातं ते तिसरं घर मिळवणं.

पुढेमागे क्लबाचं कुणी खोपोलीत नाहीतर नेरळात एखाद्या दारात उभं राहील आणि विचारेल, ‘तीन-चार महिने एक पोरगी ठेवाल का, ब्राझीलची आहे.’ घरातले पुरुष व्हिसाचं विचारतील, आजी वयाचं. घरची बाई ओट्यापाशी हात पुसत एवढंच विचारेल, ‘खाते काय ती?’ हा प्रश्न आला की क्लबाच्या माणसानं खुशाल खुर्ची ओढून बसावं.