हानेदा जवळ, नारिता लांब का?

भारतातून पाहुणे येणार म्हटलं की टोकियोतला मराठी माणूस आधी विचारतो, "हानेदा की नारिता?" हानेदा शहराला लागून, नारिता साठेक किलोमीटर दूर, चिबा प्रांतात. एवढ्या मोठ्या शहराचा विमानतळ इतक्या लांब का बांधला, हे तुम्हालाही वाटलं असेल.

हानेदा १९३१ साली सुरू झाला. सप्टेंबर १९४५मध्ये अमेरिकी सैन्याने तो ताब्यात घेतला आणि विस्तारासाठी शेजारच्या वस्तीला ४८ तासांत घरं रिकामी करायला लावली. हरलेल्या देशात दाद कोणाकडे मागणार? अनामोरी इनारी देवस्थानही हललं. त्याची लाल तोरी, म्हणजे कमान, मात्र कित्येक वर्षं विमानतळाच्या आवारात उभी होती. १९९९मध्ये ती जवळच हलवली. सवड काढून बघून या.

१९५२मध्ये विमानतळ जपानकडे परत आला. १९५५पासून एअर इंडियाची विमानंही इथेच उतरू लागली. पुढे जेट विमानांची गर्दी वाढली, जागा पुरेना, आणि १९६६मध्ये सरकारने शेतकऱ्यांना न विचारताच नारिताजवळचं सानरिझुका निवडलं. यातल्या अनेकांनी युद्धानंतर रान तोडून ती जमीन लागवडीखाली आणली होती. ते अडून बसले, विद्यार्थी त्यांना मिळाले, दोन्ही बाजूंची माणसं मेली. (उरण-पनवेलच्या वाचकांना १९८४चं जासई आठवेल.) २६ मार्च १९७८ला, उद्‌घाटनाला चार दिवस उरले असताना, आंदोलकांनी नियंत्रण मनोऱ्यात घुसून यंत्रं फोडली. विमानतळ अखेर २० मे रोजी उघडला, तोही एकाच धावपट्टीवर. दुसरी २००२मध्ये आली, तीही आखूड. हव्या त्या जमिनी मिळाल्याच नव्हत्या. त्याआधी, १९९५मध्ये, पंतप्रधान मुरायामांनी शेतकऱ्यांची माफी मागितली होती.

तरीही नारिता पांढरा हत्ती ठरला नाही. मालाच्या किमतीने मोजलं तर जपानच्या सगळ्या बंदरांमध्ये तो वर्षानुवर्षं पहिल्या रांगेत आहे. वजनाला हलका, किमतीला भारी माल इथूनच जातो-येतो: चिप, त्या बनवायची यंत्रं, औषधं. ताजा ट्यूना इतका उतरायचा की लोक त्याला गमतीने 'नारिता मासळी बंदर' म्हणत. अडचण रात्रीची. वस्तीला त्रास नको म्हणून मध्यरात्रीनंतर उड्डाणं बंद. हानेदाने हीच उणीव हेरली. २०१०मध्ये थेट समुद्रात चौथी धावपट्टी बांधून त्याने आंतरराष्ट्रीय विमानं चोवीस तास घ्यायला सुरुवात केली. समुद्रात कोणाचं शेत आडवं येत नाही.

नारिताला उतरताना खिडकीची जागा मिळाली तर बाहेर बघा. विमानतळाच्या हद्दीत, विमानांच्या वाटेला लागून, अजूनही भाजीचे वाफे दिसतात.