खुशामत : मुळात स्वागताचा शब्द

आज एका शब्दाची गोष्ट ऐकू या. शब्द आहे खुशामत. ‘तिला साहेबांची खुशामत चांगली जमते’ असं कुणी म्हटलं, की ते कौतुक नाही हे आपल्याला लगेच कळतं. पण हा शब्द मुळात वाईट नव्हता.

तो फारसी भाषेतला. ‘खुश’ म्हणजे छान, ‘आमद’ म्हणजे येणं. आपल्या ‘आमदनी’तही हेच येणं आहे, घरात येणारा पैसा तो आमदनी. खुश-आमद म्हणजे ‘आलात, बरं वाटलं!’ दारी आलेल्याला आपण ‘या, बसा’ म्हणतो, तसंच.

फारसी शब्द आपल्या गावात कसा आला? 1327 साली मुहम्मद तुघलकाने दौलताबादला राजधानी आणली. 1610 साली मलिक अंबरने खडकी वसवली, तेच आजचं छत्रपती संभाजीनगर. पुढे मुघल आले, मग निजाम. कचेरीची भाषा आधी फारसी, नंतर उर्दू. पैठणच्या एकनाथ महाराजांनी सोळाव्या शतकात सरकारी अर्जाच्या थाटात ‘अर्जदास्त’ रचली. म्हणजे कचेरीचे शब्द तेव्हाही लोकांच्या कानावरचे होते.

आता अर्थ कसा घसरला ते बघा. पाहुण्याला ‘बरं झालं आलात’ म्हणतो ते मायेने. ज्याच्या हातात आपलं काम अडकलंय, त्याला तेच म्हणावं लागतं ते भीतीने. शब्द तेच, पण स्वागताची खुशामत झाली.

हा दोष एका भाषेचा नाही. संस्कृतात ‘लांगूलचालन’ आहे, म्हणजे शेपूट हलवणं. भर्तृहरीने म्हटलंय, कुत्रा घास देणाऱ्यापुढे शेपूट हलवून लोळण घेतो. हत्ती मात्र धीराने बघतो आणि मनधरणी केल्यावरच खातो. जिथे देणारा एक आणि मागणारे अनेक, तिथे असा शब्द तयार होतोच.

आपल्याला तर लहानपणापासून शिकवलेलं असतं, सगळ्यांना खूश ठेव. घरी ते मायेपोटी करतो. पण उत्पन्नाच्या दाखल्यासाठी टेबलापुढे उभं राहून ‘साहेब, तुमचे उपकार होतील’ कशाला म्हणायचं? महाराष्ट्रात 2015 पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. यादीतली सेवा ठरलेल्या मुदतीत मिळालीच पाहिजे. अर्ज दिला की पोच घ्या. नाकारला तर कारण लेखी मागा. मुदत उलटली तर अपील करा.

गंमत बघा, ‘अर्ज’ आणि ‘हक्क’ हेही शब्द मूळचे अरबी, त्याच कचेरीच्या वाटेने आपल्याकडे आलेले. त्या वाटेने खुशामतही आली आणि हक्कही आला. टेबलापुढे बोलताना आवाज गोडच ठेवा, बायांनो. पण शब्द हक्काचा वापरा. आणि ‘या, बसा’ आपल्या दारी येणाऱ्यासाठी राखून ठेवा.