वादळाच्या मागे धावणारी माणसे

१/९
नांदगाव खंडेश्वरच्या शिवारात वैशाखात वावधन सुटले की माणसे वावरातून घराकडे धाव घेतात. इतिहासात मात्र काही माणसे उलट दिशेने, वादळाकडेच धावली. समाजाने त्यांना कधी वीर म्हटले, कधी शास्त्रज्ञ, तर कधी वेडे. कृती एकच असताना नावे वेगळी का पडली, याचा शोध घेणारा हा थ्रेड.

२/९
१७५५. अमेरिकेतील मेरीलँड. मित्रांसह घोड्यावरून जाताना बेंजामिन फ्रँकलिन यांना एक वावटळ दिसली. सोबतचे बहुतेक जण थांबून पाहत राहिले. फ्रँकलिन मात्र तिच्या मागे गेले. ती मोडते का हे पाहण्यासाठी त्यांनी तिच्यावर चाबूकही ओढून पाहिला! पुढे हे सारे त्यांनी लंडनच्या पीटर कॉलिन्सन यांना पत्रातून सविस्तर कळवले. पत्र नसते, तर उरला असता तो केवळ एक विनोदी किस्सा.

३/९
२७ जुलै १९४३. टेक्सासमध्ये वैमानिकांना प्रशिक्षण देणारे जोसेफ डकवर्थ यांनी पैजेखातर, वरिष्ठांची परवानगी न घेता, एक इंजिनाचे विमान थेट चक्रीवादळात घातले आणि सुखरूप परत आणले. त्याच दिवशी हवामान अधिकाऱ्याला घेऊन ते पुन्हा आत गेले. शिस्तभंगच तो, पण विमान वादळात शिरून परत येऊ शकते, हे त्यातून सिद्ध झाले. डकवर्थ यांना पुढे पदक मिळाले. विमान कोसळले असते, तर याच कृतीला बेजबाबदारपणा म्हटले गेले असते.

४/९
हा इतिहास आपल्या मुंबईलाही स्पर्शून जातो. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेचे हवामान केंद्र १९६३ मध्ये मुंबईत होते. त्या वर्षी मे महिन्यात अरबी समुद्रात चक्रीवादळ उठले, तेव्हा अमेरिकी संशोधन विमानांनी त्यात शिरून मोजमापे घेतली. भारताकडे त्या काळी स्वतःचा हवामान उपग्रह नव्हता. १९७० मध्ये या वादळाचा जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्याच्या लेखकांत रामन आणि श्रीनिवासन हे भारतीय शास्त्रज्ञ होते. पाठीशी संस्था आणि हातात नोंदवही असली की धोक्याला ‘मोहीम’ हे प्रतिष्ठित नाव मिळते.

५/९
संस्था नसेल तर? डेव्हिड होडली या तरुणाने १९५६ पासून, केवळ आवडीपोटी, अमेरिकेच्या मैदानी प्रदेशात वादळांचा पाठलाग सुरू केला. १९७७ मध्ये त्याने या छंदाचे ‘स्टॉर्म ट्रॅक’ हे पत्रक काढले. १९९६ च्या ‘ट्विस्टर’ चित्रपटानंतर हा छंद घरोघरी पोहोचला. कॅमेरे वाढले, वादळाखालच्या रस्त्यांवर गाड्याही वाढल्या. कौतुकाबरोबर एक प्रश्नही पुढे आला : हे अभ्यासक, की तमासगीर?

६/९
या प्रश्नाचे सर्वांत भक्कम उत्तर होते टिम समारास. महाविद्यालयीन पदवी नसलेला हा अभियंता. २४ जून २००३ रोजी साउथ डकोटात त्यांनी स्वतः बनवलेले उपकरण टोर्नेडोच्या वाटेवर ठेवले. त्यावर हवेचा दाब १०० मिलिबारने उतरल्याची नोंद झाली. वादळाच्या पोटातून आलेली ही दुर्मीळ नोंद होती.

७/९
३१ मे २०१३, ओक्लाहोमातील एल रेनो. टोर्नेडोने अचानक दिशा बदलली आणि त्याचा घेर सुमारे ४ किलोमीटरपर्यंत वाढला. समारास, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग तिघेही गेले. या क्षेत्रातील अत्यंत सावध माणसांपैकी एक अशी समारास यांची ख्याती होती. हेतू थोर असला म्हणून वादळ सवलत देत नाही; सवलत देतो तो समाज.

८/९
आता पुन्हा वऱ्हाडाकडे वळू. भारतात वीज पडून दरवर्षी २,००० हून अधिक माणसे मरतात; त्यांतील बहुतेक ग्रामीण भागातली, पुष्कळशी शेतात राबणारी. ती वादळाच्या मागे गेलेली नसतात. वादळच त्यांच्या कामाच्या जागी आलेले असते. पण कौतुक होते ते हौसेने धोका पत्करणाऱ्याचे. ज्याला तो टाळताच येत नाही, त्याच्या वाट्याला पंचनामा येतो आणि वर शेरा : “आभाळ दिसत होतं, तर गेला कशाला?” गेला, कारण पेरणी साधायची होती, बैल झाडाखाली बांधलेले होते.

९/९
वादळाकडे धावणाऱ्यांना मोजायचे माप इतिहासातच सापडते : त्यांनी परत काय आणले, आणि ते कोणाच्या उपयोगी पडले? पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ अ‍ॅप आज आसपास पडणाऱ्या विजेची सूचना शेतकऱ्याच्या खिशापर्यंत पोहोचवते. अशा सूचनांमागे वादळे मोजणाऱ्या कित्येक पिढ्यांचे काम आहे. मात्र सूचना मिळाल्यावर धावत जाऊन शिरावे, असा पक्का निवारा किती वावरांजवळ आहे? पुढचे धाडस तो बांधण्याचे आहे; त्याचे चित्रीकरण करायला कोणी येणार नाही.