जुना द्राक्षारस आणि जुने स्नेही

मैत्रीची महती सांगताना ज्ञानी बेन सिराने नव्या व जुन्या द्राक्षारसाची उपमा योजिली आहे. मित्र काय नि द्राक्षारस काय, काळाच्या कसोटीला उतरल्यावाचून त्याचा खरा स्वाद कळत नाही, असा त्या उपमेचा आशय आहे. आम्हां धर्मगुरूंचा द्राक्षारसाशी रोजचा संबंध येतो तो वेदीवर. परंतु बेन सिराची उपमा घरातल्या मेजावरची आहे. तिचा अर्थ इतिहासात शोधू गेल्यास एक नवल दृष्टीस पडते. ‘जुना तितका उत्तम’ हा समज द्राक्षारसाच्या बाबतीत सदासर्वकाळ प्रचलित नव्हता. मधली हजारभर वर्षे तर जुना द्राक्षारस म्हणजे फेकून देण्याची वस्तू होती. तिचे मोल पुन्हा कसे वाढले, हे पाहण्यासाठी फ्रान्सच्या नैर्ऋत्येस असलेल्या बोर्दो या बंदराकडे वळले पाहिजे.

रोमन काळात या नगराचे नाव बुर्दिगाला होते. चौथ्या शतकातील लॅटिन कवी ऑसोनियस तेथलाच. तो ग्रेशियन या सम्राटाचा गुरू होता व इ. स. ३७९ मध्ये रोमचा कॉन्सल झाला. सेंत-एमिलियों येथील एक विख्यात द्राक्षमळा आजही त्याच्या नावाने ओळखला जातो. त्याचा आवडता शिष्य व स्नेही पॉलिनस हाही बोर्दोचाच. पॉलिनसने ऐश्वर्याचा त्याग करून विरक्त जीवन पत्करले व पुढे तो नोला येथील बिशप आणि संत झाला. परत येण्याविषयी वृद्ध गुरूने त्याला लिहिलेली काव्यपत्रे आणि शिष्याची उत्तरे आजही उपलब्ध आहेत. बोर्दोच्या इतिहासाच्या आरंभीच दुरावलेल्या स्नेह्यांचा हा संवाद ऐकू यावा, हे आम्हांला अर्थपूर्ण वाटते.

रोमन लोक मातीच्या कुंभांत द्राक्षारस मुरवीत असत. कुंभाची जागा लाकडी पिंपाने घेतली आणि ती विद्या लोपली. पिंप वाहून नेण्यास सोयीचे खरे, पण त्यात हवेचा शिरकाव होतो आणि रस आंबतो. ११५२ साली आक्वितेनची डचेस एलिनॉर हिचा विवाह हेन्री प्लँटॅजेनेटशी झाला. दोनच वर्षांनी तो इंग्लंडच्या गादीवर बसला आणि बोर्दोचा मुलूख इंग्रजी राजमुकुटाखाली गेला. १४५३ मध्ये कास्तियोंच्या लढाईत इंग्रजांचा पराभव होईपर्यंत, म्हणजे तीनशे वर्षे, हा संबंध टिकला. या काळात दर शरद ऋतूत जहाजांचे तांडे नवा माल घेऊन इंग्लंडकडे निघत. १३०८-०९ या एका वर्षात सुमारे ९०० लिटरचे एक याप्रमाणे १,००,००० हून अधिक पिंपे बोर्दोहून बाहेर गेली. फिकट तांबड्या रंगाचा तो रस वर्षाच्या आतच प्यावा लागे. नवी जहाजे धक्क्याला लागली की गतवर्षीच्या मालाचे भाव कोसळत.

ख्रिस्तसभेचाही या मळ्यांशी निकटचा संबंध होता. १३०५ साली पोपपदी निवडले गेलेले पाचवे क्लेमेंट हे पूर्वी बोर्दोचे आर्चबिशप होते. पेसाक येथील त्यांचा मळा आज ‘पाप क्लेमाँ’ या नावाने प्रसिद्ध आहे. संत व्हिन्सेंट डी पॉल यांनी स्थापिलेल्या मिशन संघाकडे १६८२ मध्ये तेथील दुसरा एक मळा आला. त्या धर्मगुरूंनी निगुतीने वाढविलेला तो मळा अजूनही ‘ला मिशन’ याच नावाने नांदतो आहे. फ्रेंच राज्यक्रांतीत हे सारे मळे धर्मसंस्थांकडून हिरावून घेण्यात आले.

जुन्या द्राक्षारसाचा पुनर्जन्म झाला तो सतराव्या-अठराव्या शतकांत, आणि त्यामागे कोणा एकाची प्रतिभा नव्हती. १६१५ साली इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याने जहाजबांधणीसाठी लाकूड वाचावे म्हणून काचेच्या भट्ट्यांत लाकूड जाळण्यास बंदी केली. कारागीर दगडी कोळशाकडे वळले, आणि त्याच्या प्रखर आचेत अधिक मजबूत व गडद काच तयार होऊ लागली. पोर्तुगालच्या बूचवृक्षाच्या सालीचे बूच तिला मिळाले. आरंभीच्या बाटल्या कांद्यासारख्या बुटक्या व फुगीर होत्या. पुढे त्या उभट झाल्या, आडव्या निजवता येऊ लागल्या आणि रसाच्या स्पर्शाने बूच ओले राहून तोंड घट्ट बंद राहू लागले. जहाजांच्या लाकडासाठी काढलेल्या हुकमातून दीर्घ प्रतीक्षेचे पात्र घडले, असा हा योगायोग!

याच काळात बोर्दोच्या आर्नो द पोंताक याने आपल्या ‘ओ-ब्रियों’ मळ्याचा रस त्याच नावाने लंडनला धाडण्यास प्रारंभ केला. १६६३ च्या एप्रिल महिन्यात सॅम्युएल पीप्स याने लंडनच्या एका खानावळीत तो चाखल्याची नोंद आपल्या रोजनिशीत करून ठेवली आहे. डच अभियंत्यांनी मेदॉकच्या दलदलींचा निचरा केला व तेथील खडीच्या जमिनीवर नवे मळे उभे राहिले. याच मुलखात परागंदा झालेल्यांनाही आश्रय मिळाला. बॉयनच्या लढाईनंतर कॅथलिकांना आयर्लंडमध्ये राहणे दुष्कर झाले, तेव्हा गॉलवेचा जॉन लिंच १६९१ मध्ये बोर्दोस आला. त्याच्या कुळाचे नाव पोयाक येथील ‘लिंच-बाज’ मळा आजही मिरवीत आहे.

बंद बाटलीत घडते तरी काय? कॅबर्ने सोव्हिन्यों ही मेदॉकची मुख्य द्राक्षजात. तिचे फळ लहान व साल जाड असते. सालीतून व बियांतून उतरणारी टॅनिन नावाची तुरट द्रव्ये नव्या रसात इतकी असतात, की कोवळ्या सुपारीसारखे तोंड आवळून येते. वर्षे लोटतात तशी ही द्रव्ये व रंगकण परस्परांत गुंफले जातात, जड होतात आणि गाळ होऊन तळाशी बसतात. जांभळा रंग विटकरी होतो. तुरटपणा निवतो, फळाचा ताजा वास मावळतो आणि त्याच्या जागी तंबाखू, देवदार, पावसाने भिजलेली पाने यांची आठवण करून देणारा गंध दरवळू लागतो. त्यासाठी हवी अंधारी, निश्चल, १२ ते १३ अंश उष्णतेची जागा आणि हात आखडून धरण्याची शक्ती. मात्र प्रत्येक द्राक्षारस असा मुरत नाही. बहुतेकांचे भले लवकर पिण्यातच असते. ज्याच्या अंगी मुळात सत्त्व आहे, त्यालाच काळ घडवितो. इतरांना तो केवळ म्हातारे करतो.

प्रवासाचे नाते यापूर्वीच या कथेत गुंफले गेले आहे, आणि त्याचा एक धागा आपल्या देशापर्यंत पोचतो. सेंत-एस्तेफ येथील लुई-गास्पार देस्तुर्नेल हा एकोणिसाव्या शतकात आपला माल हिंदुस्थानकडे पाठवीत असे. न विकता परत आलेला रस उष्ण कटिबंधातील उबेने व लाटांच्या हेलकाव्यांनी लवकर मुरल्याचे त्याच्या ध्यानात आले. मग ‘हिंदुस्थानहून परतलेला’ हीच त्याची ख्याती झाली. त्याच्या कोठारांवरील पॅगोडाच्या घाटाचे मनोरे आजही पौर्वात्य व्यापाराची साक्ष देतात. स्वतः देस्तुर्नेलला मात्र कर्जापायी १८५२ साली तो मळा विकावा लागला व पुढल्याच वर्षी त्याचे निधन झाले.

दुसरा धागा आपल्या शेतकऱ्याच्या हाती आहे. मेदॉकमध्ये वाटसरूंनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद व चुना शिंपडीत. त्या वेली केवड्यापासून बचावतात, हे बोर्दो विद्यापीठातील प्राध्यापक मियार्दे यांनी हेरले व १८८५ मध्ये ते मिश्रण जगापुढे मांडले. नाशिकचा द्राक्षबागायतदार आणि कोकणचा सुपारीवाला ज्याला बोर्डो मिश्रण म्हणतो, ते हेच. कॅबर्नेची वेलही आता नाशिकच्या मळ्यांत रुजली आहे.

बोर्दोची ही रीत इतर देशांनीही आत्मसात केली. २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये नावे झाकून घेतलेल्या चाचणीत कॅलिफोर्नियाच्या १९७३ सालच्या रसाने बोर्दोच्या नामांकितांना मागे टाकले. ‘आमचा रस मुरल्यावर पाहा,’ असा फ्रेंचांचा युक्तिवाद होता. तीस वर्षांनी, २००६ मध्ये, तेच जुने तांबडे द्राक्षारस पुन्हा चाखण्यात आले, आणि पहिला मान पुनश्च कॅलिफोर्नियाकडेच गेला. प्रतीक्षा ही कोणा एका भूमीची मिरास नव्हे, हाच त्याचा बोध.

परंतु ही प्रतीक्षा कोणासाठी, हा प्रश्न उरतोच. त्याला विसाव्या शतकाने दोन उत्तरे दिली. ५ डिसेंबर १९८५ रोजी लंडनच्या एका लिलावात १७८७ सालची म्हणून सांगितलेली लाफितची बाटली १,०५,००० पौंडांस विकली गेली. तिच्यावर अमेरिकेचे अध्यक्ष थॉमस जेफर्सन यांची आद्याक्षरे कोरलेली होती. ती प्रदर्शनात दिव्यांखाली उभी ठेवण्यात आली. उष्णतेने तिचे बूच सुकले आणि आत पडले. जेफर्सनच्या अभ्यासकांना तिच्याविषयी आधीपासून संशय होताच. पुढे त्याच साठ्यातील इतर बाटल्यांवरील अक्षरे आधुनिक विद्युत् उपकरणाने कोरलेली असल्याचे तज्ज्ञांचे मत पडले. अफाट मोल मोजलेल्या त्या बाटलीभोवती ना कोणी मित्र जमले, ना कोणाचा पेला भरला गेला.

दुसरे उत्तर आंद्रे सिमों यांचे. पॅरिसमध्ये १८७७ साली जन्मलेला व लंडनमध्ये स्थायिक झालेला हा श्रद्धावान कॅथलिक गृहस्थ द्राक्षारसाचा मोठा इतिहासकार होता. १९३३ मध्ये त्यांनी अन्न व द्राक्षारस यांच्या रसिकांची संस्था स्थापन केली. तळघरात काही शिल्लक ठेवून जाणे म्हणजे अकाली जाणे, असे ते मानीत. १९७० मध्ये त्यांचे देहावसान झाले, तेव्हा त्यांच्या तळघरात क्लॅरेटच्या केवळ दोन मोठ्या बाटल्या उरल्या होत्या. बाकी सारे स्नेह्यांच्या पंगतीत वाटून झाले होते. तथापि एक तरतूद त्यांनी करून ठेवली होती. त्यांच्या शंभराव्या जन्मदिनी, २८ फेब्रुवारी १९७७ रोजी, लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात शेकडो स्नेही जमले आणि सिमों यांनी याच प्रसंगासाठी राखून ठेवलेला १९४५ सालचा लातूर त्यांनी त्यांच्या स्मरणार्थ प्राशन केला. महायुद्ध संपले त्या वर्षीची ती द्राक्षे! यजमान नव्हता, पण त्याचे आतिथ्य उपस्थित होते.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. दारूपायी उद्ध्वस्त झालेली घरे आमच्या धर्मग्रामांतून आम्ही पाहिली आहेत. मुलांच्या शाळेचे पैसे गुत्त्यावर गेल्याचे दुःख कोणत्याही गंधाने झाकले जात नाही. ज्यांना हे पेय वर्ज्य आहे त्यांनी वर्ज्यच करावे, आणि त्यांच्यापुढे आग्रहाचा पेला कोणी धरू नये. पण व्यसनाची जात व या इतिहासाची जात भिन्न आहे. व्यसनी मनुष्याला धीर नसतो, सोबतही नको असते. जुनी बाटली या दोन्हींवाचून उघडताच येत नाही. ती आदल्या दिवशी उभी करावी लागते, म्हणजे गाळ तळाशी बसतो. मग मेणबत्तीच्या उजेडात गळ्याकडे लक्ष ठेवून रस सावकाश सुरईत ओतायचा आणि गाळ दिसताच थांबायचे. दूरच्या स्नेह्याकडे न्यायची असेल, तर ती काही दिवस आधी पोचवून तिला विश्रांती द्यावी. देस्तुर्नेलच्या समुद्रप्रवासाने नवा रस मुरला असेल, पण वृद्ध बाटलीला वृद्ध माणसाप्रमाणेच प्रवासाचा शीण होतो. तिच्यात पेले भरतात सहा-सात. एकट्याला ते अधिक आणि घरच्या मेजाभोवती बसलेल्या चौघा-पाचांना पुरेसे, हे तिचे मापच तिचा उपयोग सांगते.

वाचकहो, आपणांपैकी बहुतेकांच्या घरी बोर्दोची तळघरे नाहीत, व ती असण्याचे कारणही नाही. परंतु काहीतरी राखून ठेवण्याची रीत आपल्याही घरात आहे. फडताळातली मुरलेल्या लोणच्याची बरणी, नाताळासाठी जपलेली घरच्या द्राक्षारसाची बाटली, परदेशी गेलेला मुलगा परतेल तेव्हासाठी बाजूला काढलेले काही. या वस्तू कुलपात राहिल्या तर एके दिवशी त्यांचेही बूच सुकेल. ज्यांच्यासाठी राखले ते स्नेही आज हयात आहेत, हाती पेला धरू शकतात. तेव्हा निरोप धाडावा, दार उघडावे आणि त्यांना मेजाशी बसवावे.