तळटीप : ‘जलचरांना निर्धोक’
लेखकाचे हे विधान शुद्ध ग्लायफोसेट या तणनाशक रसायनापुरतेच ग्राह्य धरावे. शेतात फवारले जाते ते मिश्रण; थेंब पानावर पसरून आत मुरावा म्हणून त्यात पीओईए हे साबणासारखे द्रव्य घालत. अमेरिकेत फोल्मार व सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये शुद्ध रसायन, मिश्रण व पीओईए वेगवेगळे तपासले. रेनबो ट्राउट जातीचे निम्मे मासे ९६ तासांत मरायला शुद्ध ग्लायफोसेट लिटरमागे सुमारे १४० मिलिग्रॅम लागले; राउंडअप हे तयार तणनाशक ८ मिलिग्रॅमच्या आसपास पुरले, आणि नुसते पीओईए अवघे २! एवढी तफावत असताना केवळ मुख्य रसायनाच्या आकड्यावर ओढ्याकाठच्या फवारणीला संमती देणे मला अक्षम्य वाटते. युरोपीय संघाने २०१६ मध्ये ग्लायफोसेटच्या मिश्रणांत पीओईए वापरण्यास बंदी घातली. — संपादक