तेल कंपन्या, बोली आणि बाजारातली हवा

जिंतूरला येऊन तेल कंपन्यांच्या शेअरबद्दल बोलायचं म्हणजे जरा आडवळणाचा विषय वाटेल. पण "भाव वाढणार आहे" एवढ्या एका वाक्यावर माल धरून बसणं म्हणजे काय, हे इथल्या माणसाला मुंबईच्या दलालापेक्षा कमी कळत नाही. 2022 मध्ये कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला. पुढच्या हंगामात तोच भाव येईल म्हणून कितीतरी घरांत कापूस तसाच पडून राहिला, आणि भाव उतरला. आजची गोष्ट त्याच जातीची आहे. फरक इतकाच, की इथे मोठं गिऱ्हाईक येणार, या बातमीवरच खरेदी-विक्री झाली.

आधी हिशोब समजून घेऊ. तुमच्या बांधाला लागून दुसऱ्याचं शेत असेल, तर ते तुम्ही बाजारभावापेक्षा दोन पैसे जास्त देऊन घ्याल. कारण तुम्हाला नुसती जमीन नको असते, सलग रान हवं असतं. कंपनीचंही तसंच. शंभर शेअर घेणारा चालू भाव देतो. पण ज्याला कंपनीचा ताबा हवा, तो वर काही तरी देतो. मधल्या आकाराची तेल कंपनी तर यासाठी सोयीचीच. गिळता येईल एवढी लहान, आणि गिळल्यावर पोट भरेल एवढी मोठी. पंप, टाक्या, शुद्धीकरण कारखाना, सगळं तयार मिळतं.

अमेरिकेत 1980 नंतर हा खेळ जोरात होता. जमिनीत विहीर खोदण्यापेक्षा शेअरबाजारात तेल स्वस्त मिळतं, असं तेव्हा म्हणत. 1982 साली सिटीज सर्व्हिस या कंपनीसाठी गल्फ ऑइलने शेअरमागे 63 डॉलर देऊ केले. सट्टेवाल्यांनी भराभर शेअर घेतले. ऑगस्टमध्ये गल्फने माघार घेतली आणि भाव कोसळला. अनेकांचे हात पोळले. गंमत अशी, की दोन वर्षांत गल्फलाच दुसऱ्याने गिळलं. शेव्हरॉनने 80 डॉलरने.

आता मुंबईकडे या. आपल्याकडे या कंपन्या मुळात परदेशी. माहूलला बर्मा शेलचा कारखाना 1955 मध्ये सुरू झाला, त्याच्या जवळच आधीच्या वर्षी स्टँडर्ड व्हॅक्यूमचा, म्हणजे पुढच्या एस्सोचा. 1970 नंतरच्या दशकात सरकारने त्या ताब्यात घेतल्या: 1974 मध्ये एस्सो, त्यातून हिंदुस्थान पेट्रोलियम, 1976 मध्ये बर्मा शेल, त्यातून भारत पेट्रोलियम, मग कॅल्टेक्स. प्रत्येकीसाठी संसदेने वेगळा कायदा केला. हा मुद्दा ध्यानात ठेवा, पुढे तोच आडवा येणार आहे.

2002 च्या फेब्रुवारीत सरकारने आयबीपी या छोट्या तेल कंपनीतला 33.58 टक्के हिस्सा लिलावात काढला. इंडियन ऑइलने शेअरमागे 1,551 रुपयांची बोली लावली, एकूण 1,153 कोटींहून जास्त. सगळे अवाक झाले. आता नियम असा होता, की ताबा घेणाऱ्याने बाकीच्या भागधारकांकडूनही 20 टक्के शेअर घेण्याची खुली ऑफर द्यायची. तशी ऑफर आली आणि साध्या भागधारकाच्या हातातही चढ्या भावाचे पैसे पडले. सगळे शेअर गेले नाहीत, पण गेले त्यांचं सोनं झालं.

सगळी गडबड इथून सुरू झाली, असं माझं मत आहे. बाजाराने धडा घेतला: आयबीपीला असा भाव, तर हिंदुस्थान पेट्रोलियमला किती? सरकारही विकायला निघालं होतं. रिलायन्स, शेल अशी नावं रोज वर्तमानपत्रात येत. निर्गुंतवणूक मंत्री अरुण शौरी विकायच्या बाजूचे. पेट्रोलियम मंत्री राम नाईक, आपल्या सांगली जिल्ह्यातले, विरोधात. तेव्हा भाव कच्च्या तेलावर कमी आणि दिल्लीत कोण काय बोललं यावर जास्त हलत होता! जानेवारी 2003 मध्ये ठरलं, की हिंदुस्थान पेट्रोलियमचा मोठा हिस्सा एका खरेदीदाराला द्यायचा. शेअर घेणाऱ्यांना वाटलं, आता पोचलोच.

16 सप्टेंबर 2003 ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. न्यायमूर्ती राजेंद्र बाबू आणि माथुर म्हणाले, या कंपन्या संसदेच्या कायद्याने सरकारकडे आल्या, त्यामुळे कायदा बदलल्याशिवाय विकता येणार नाहीत. भाव कोसळला. म्हणजे बघा, सट्टेवाल्यांनी तेल मोजलं, पंप मोजले, मंत्र्यांचे मूड मोजले. 1974 आणि 1976 चे कायदे मात्र फारसे कुणी उघडून पाहिले नाहीत. सगळ्यांना उघडा असलेला कागद होता तो.

पुढे 2016 मध्ये जुने कायदे रद्द करणाऱ्या एका मोठ्या विधेयकात ते कायदेही निघून गेले. फार गाजावाजा झाला नाही. वाट मोकळी झाली.

मग 31 जानेवारी 2018. सरकारचा हिंदुस्थान पेट्रोलियममधला 51.11 टक्के हिस्सा ओएनजीसीने घेतला, 36,915 कोटींना, शेअरमागे 473.97 रुपयांनी. आदल्या बाजारभावापेक्षा सुमारे 14 टक्के जास्त. ज्यांनी आयबीपीची आठवण ठेवून शेअर धरले होते ते खुल्या ऑफरची वाट पाहत बसले. ती आलीच नाही! ताबा सरकारकडून सरकारच्याच कंपनीकडे गेला, तेव्हा ऑफरपासून सूट. वरचे पैसे एकट्या सरकारला.

आणि शेवटची फेरी भारत पेट्रोलियमची. 20 नोव्हेंबर 2019 ला मंत्रिमंडळाने 53.29 टक्के हिस्सा विकायला मान्यता दिली. मार्च 2020 मध्ये इच्छुकांना बोलावलं, आणि त्याच महिन्यात टाळेबंदी लागली, तेल गडगडलं. मुदत मे, जून, जुलै, सप्टेंबर करत नोव्हेंबरपर्यंत गेली. तिघे आले: वेदांता, अपोलो ग्लोबल आणि थिंक गॅस. जगातली एकही मोठी तेल कंपनी आली नाही. खरं तर इथेच समजायला हवं होतं. पण प्रत्येक मुदतवाढीला बाजारात नवी आशा निघायची. शेवटी तिघांपैकी दोघे मागे सरले आणि मे 2022 मध्ये सरकारने प्रक्रिया गुंडाळली.

तेवढ्यात एक गोष्ट मात्र खरीच घडली. विक्रीच्या तयारीत भारत पेट्रोलियमने आसाममधल्या नुमालीगड शुद्धीकरण कारखान्यातला आपला हिस्सा मार्च 2021 मध्ये 9,876 कोटींना विकला. त्यानंतर कंपनीने शेअरमागे 58 रुपयांचा लाभांश जाहीर केला, त्यातले 35 रुपये खास एकदाचे. ज्यांच्याकडे शेअर होते त्यांच्या खात्यात ते पैसे जमा झाले, आणि निम्म्याहून जास्त अर्थात सरकारच्या.