चकचकीत की मॅट?

पूर्वी स्टुडिओत फोटो काढून झाला की दोन प्रश्न ठरलेले असत. प्रती किती हव्यात, आणि चकचकीत हवा की मॅट? पहिल्याचे उत्तर खिसा चाचपून दिले जाई. दुसऱ्याला बहुतेक जण "चांगला दिसेल तो द्या" म्हणून मोकळे होत. आता फोटो मोबाइलच्या काचेवरच पाहायचा असतो, त्यामुळे हा प्रश्न फारसा कोणाला पडत नाही. पण जुन्या पेटीतले फोटो हातात घेतले की मला वाटते, तो फोटो कशासाठी काढला होता हे त्या एका उत्तरात दडलेले असते. तो टिकणार कसा, हेही थोडेफार त्यातच असते.

आधी थोडा इतिहास. कागदावरचे अगदी सुरुवातीचे फोटो मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या कागदावर होत. चांदीचे क्षार कागदाच्या तंतूंत मुरत, म्हणून चित्रही मुरल्यासारखे, बिनचमकीचे दिसे. १८५० साली ब्लाँकार-एव्हरार या फ्रेंच गृहस्थाने कागदावर अंड्यातल्या पांढऱ्या भागाचा थर देण्याची रीत काढली. चित्र तंतूंच्या वर त्या थरात राहू लागले, रेषा ठसठशीत झाल्या आणि कागदाला तकाकी आली. फोटोची चमक अशी अंड्यातून जन्मली!

ही विद्या आपल्याकडे यायला वेळ लागला नाही. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिचे सभासद होते. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला. तिथे शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ चालवला.

एकोणिसावे शतक संपता संपता अंडे गेले आणि जिलेटिन आले. आपल्या घरांतले बहुतेक कृष्णधवल फोटो या जिलेटिनच्या कागदावरचे, म्हणजे स्टुडिओवाल्यांच्या भाषेत ब्रोमाइड पेपरवरचे. कागदावर आधी बेरियम सल्फेटचा पांढराशुभ्र गुळगुळीत थर, आणि त्यावर चांदीचे क्षार मिसळलेले जिलेटिन. मॅट कागद करायचा तर वरच्या थरात स्टार्चसारखे बारीक कण मिसळत, म्हणजे पृष्ठभाग खरखरीत होई. चकचकीत कागदाला मात्र शेवटी आणखी एक संस्कार लागे. धुतलेला ओला फोटो क्रोमच्या आरशासारख्या पत्र्यावर पालथा घालायचा, वरून रूळ फिरवायचा आणि पत्रा तापवायचा. वाळला की फोटो आपोआप सुटून येई आणि पत्र्याची चमक त्याच्या अंगावर उतरलेली असे. याला ग्लेझिंग म्हणत. तोच कागद पत्र्याविना हवेत वाळवला तर चमक अर्धीच राही.

चकचकीत फोटोतला काळा रंग अधिक काळा का दिसतो? वर्गात हे समजावायला पाटी पुरते. ओली पाटी काळीभोर दिसते, वाळली की करडी. पाटी तीच असते. गुळगुळीत पृष्ठभागावरून प्रकाश एकाच दिशेला परततो, खरखरीत पृष्ठभागावरून चहूकडे विखुरतो आणि काळ्यावर फिकट पडदा धरतो. मॅट फोटो सौम्य वाटतो तो यामुळेच.

म्हणून छापखान्याला चकचकीत फोटो लागे. वर्तमानपत्रात फोटो छापायचा तर त्याचा ठिपक्याठिपक्यांचा ब्लॉक करावा लागे, आणि त्यात बारकावे हरवत. मूळ फोटोतच काळे-पांढरे ठळक असेल तर छापल्यावर काही उरणार! ही ब्लॉकची विद्या जाणणारे आपल्यातले मोठे नाव म्हणजे दादासाहेब फाळके. बडोद्याच्या कलाभवनात ते फोटोग्राफी शिकले, गोध्र्याला त्यांनी स्टुडिओ चालवला आणि १९०८ च्या सुमारास लोणावळ्याला ब्लॉक बनवण्याचा व छपाईचा कारखाना काढला. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा, म्हणजे त्यानंतरचा.

मॅटचा गिऱ्हाईक वेगळा. भिंतीवरच्या मोठ्या तसबिरीला हाताने रंग द्यायचा, लुगड्याचा काठ उठवायचा, गालावरचे व्रण पेन्सिलीने झाकायचे, तर खरखरीत कागदच हवा, चकचकीतवर पेन्सिल घसरते. शाळेच्या ग्रुप फोटोलाही मॅट बरा, कारण तो शंभर हातांतून फिरतो आणि त्यावर बोटांचे ठसे कमी उठून दिसतात. आमच्या करडीसारख्या गावात असे फोटो वर्षातून एकदाच निघत.

उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कंपनीची स्थापना १९६० ची. १९६७ पासून उत्पादन सुरू झाले आणि 'इंदू' छापाचा माल देशभर गेला. आता तो कारखाना बंद आहे. १९७० नंतर प्लॅस्टिकचा थर दिलेला कागद आला. तो पत्र्याविनाच चमके आणि काही मिनिटांत धुऊन होई, त्यामुळे ग्लेझिंग मागे पडले. २००५ मध्ये कोडॅकने कृष्णधवल कागद बनवणे थांबवले. काही कंपन्या अजून बनवतात, पण आपल्या तालुक्याच्या स्टुडिओंतली डार्करूम उठली ती उठलीच.

आता नातेवाइकांसाठी कामाचे. आपला भंडारा जिल्हा धानाचा आणि पावसाचा. रोवणीच्या दिवसांत भिंती ओल धरतात. जिलेटिन ओलावा पिते, मऊ होते, आणि चकचकीत फोटो फ्रेमच्या काचेला चिकटून बसतो. असा फोटो ओढून काढू नका आणि पाण्यातही बुडवू नका. ओढला की चेहरा काचेवर राहतो आणि हातात पांढरा कागद येतो. तो काचेसकट तसाच ठेवा आणि काचेवरूनच, आडव्या उजेडात, मोबाइलने त्याचा फोटो काढा. नवी फ्रेम करताना फोटो आणि काच यांत पुठ्ठ्याची चौकट घाला, म्हणजे दोन्ही एकमेकांना टेकणार नाहीत.

आणखी एक. जुन्या ब्रोमाइड पेपरच्या पाठीवर शिसपेन्सिल छान उमटते, प्लॅस्टिकच्या कागदावर उमटत नाही. तेव्हा आलमारीतले कागदी फोटो काढा, घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाजवळ बसा, आणि पाठीवर हलक्या हाताने नावे लिहून घ्या. रंग उडाला तरी पुष्कळ वेळा चेहरा कळतो. पण नाव सांगणारे माणूस गेले की त्या चेहऱ्याला नाव देणारे कोणी उरत नाही.